उभं राहा, खा, काडी परत द्या

जपानी माणूस चालताना खात नाही आणि खाताना चालत नाही. हे माहीत असूनही आपण क्योटोच्या निशिकी बाजारात जातो, कारण तिथे खायला फार मिळतं. जेमतेम चारशे मीटरची चिंचोळी गल्ली, वर लाल-पिवळं-हिरवं छप्पर, दोन्ही बाजूंना मिळून शंभराहून जास्त दुकानं आणि प्रत्येक दुकानापुढे काडीला टोचलेलं काही ना काही. आणि मधूनमधून पाट्या: कृपया चालत चालत खाऊ नका. म्हणजे खाण्याच्याच गल्लीत खात हिंडायला बंदी. आपल्याकडे अशी पाटी लावली असती तर लोकांनी तिच्याच खाली उभं राहून, तिचाच फोटो काढत भेळ संपवली असती. निशिकीत लोक खरोखर थांबतात. दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात हातभर जागा असते, तिथे भिंतीकडे तोंड करून निमूट खातात, काडी दुकानदाराला परत देतात, मान लववतात आणि मगच पाऊल उचलतात.

कामाकुरा शहराने तर 2019 साली ह्याविषयी नगरपालिकेचा नियमच केला: गर्दीच्या रस्त्यात चालत चालत खाणं हे इतरांना उपद्रव देणारं वर्तन आहे. मोडला तर दंड किती? काही नाही. दंड नाही, पावती नाही, शिट्टी वाजवणारा हवालदार नाही. नुसतं ‘बरं दिसत नाही’ म्हणून सांगितलंय. दंडाशिवायचा नियम ही कल्पना आमच्या भावोजींच्या पचनी पडायला वेळ लागला. “मग तो नियम कशाला म्हणायचं?” असं ते दोन गल्ल्या पुढे जाईपर्यंत विचारत होते.

भावोजींची ओळख इथेच करून द्यायला हवी. ताई आणि मी गिरगावातल्या मासेखाऊ घरातले. भावोजी पुण्याचे आणि शुद्ध शाकाहारी. ‘शुद्ध’ हा शब्द ते स्वतः वापरतात. ताईशी लग्न झाल्यापासून शेजारच्या ताटात काय आहे ते न बघण्याची कला त्यांनी साधलेली आहे. जपानने त्या कलेची परीक्षा घ्यायचं ठरवलं. निशिकीतल्या एका दुकानापुढे ताई थबकली. काडीवर अख्खं छोटं ऑक्टोपस, तांबड्या पाकात घोळवून चकचकीत केलेलं, पाय नीट मुडपून बसवलेले आणि पोकळ डोक्यात लावा पक्ष्याचं उकडलेलं अंडं ठासलेलं. ताईने पैसे काढले.

“मार्गशीर्ष चालू आहे,” भावोजी हळूच म्हणाले.

“तिथी भारतातली. इथे घड्याळ साडेतीन तास पुढे आहे,” ताई म्हणाली, आणि डोक्यापासून सुरुवात केली.

ह्या बाजारामागे एक चित्रकार उभा आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इतो जाकुचू, जन्म 1716, इथल्याच भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा थोरला मुलगा. कोंबडे रंगवावेत तर ह्याने. बाजार बंद पडायची वेळ आली तेव्हा ह्याने सरकारदरबारी खेटे घालून तो वाचवला. त्याची आठवण म्हणून आज कित्येक दुकानांच्या शटरवर त्याची चित्रं रंगवलेली आहेत. ती बघायची तर दुकानं बंद झाल्यावर जावं लागतं, आणि तेव्हा खायला काही नसतं.

आता त्या काडीचं काय करायचं? फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन ह्यांवर लिहिणारे लोक हा प्रश्न सोयीस्करपणे टाळतात. 1995 च्या मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला. त्यानंतर सार्वजनिक जागांवरच्या कचरापेट्या भराभर काढल्या गेल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा परत आल्याच नाहीत. तरी रस्ते लख्ख. मग कचरा जातो कुठे? खिशात. प्रत्येक जपानी माणूस आपापला कचरा घेऊन घरी जातो. शीतपेयांच्या यंत्राशेजारी एक पेटी दिसते, पण तिला बाटलीच्या मापाचं गोल भोक असतं. त्या भोकातून तेलकट पुठ्ठ्याची होडी आत ढकलू पाहणारा परदेशी पाहुणा, आणि आपण काही पाहिलंच नाही अशा चेहऱ्याने उभे असलेले चार जपानी, हे दृश्य कुठल्याही शहरात फुकट बघायला मिळतं. उपाय एकच: जिथे घेतलं तिथेच खायचं आणि भांडं-काडी तिथेच परत करायची. थोडक्यात, तिथला दुकानदार माल विकतो आणि काडी भाड्याने देतो. हे लक्षात येईपर्यंत ताईच्या पर्समध्ये काड्या, कागदी द्रोण आणि सॉस लागलेले रुमाल ह्यांचा असा संचय झाला होता की पासपोर्ट काढताना विमानतळावरच्या बाईंनी हातमोजे घातले.

ओसाकाची गोष्ट निराळी. दोतोनबोरीच्या कालव्याकाठी इतकी गर्दी आणि इतका गोंगाट असतो की दादरला आल्यासारखं वाटून जीव भांड्यात पडतो. इथलं दैवत म्हणजे ताकोयाकी. बिडाचं आप्पेपात्र, फक्त आपल्याकडे त्याला सात खळगे असतात आणि इथे एकाला एक लावून खळग्यांची चाळच्या चाळ. करणारा पोरगा विशीतला. त्याने सरसरीत पीठ खळग्यांत मोजून ओतलं नाही, अख्ख्या तव्यावर ओतलं. खळगे दिसेनासे झाले. आमच्या आईने पाहिलं असतं तर “सांडलंस ना सगळं!” म्हणून पाठीत धपाटा घातला असता. मग त्या तळ्यात ऑक्टोपसचे तुकडे, कांद्याची पात, लाल लोणच्यातलं आलं आणि तळणीचा चुरा पडला. त्यानंतर त्याने लाकडी मुठीचं दाभण उचललं आणि जे सांडलंय असं वाटत होतं ते सगळं रेघा मारून कापून, दुमडून, ज्याच्या त्याच्या खळग्यात कोंबलं. प्रत्येक गोळ्याला पाव वळसा. पुढचा. पुढचा. रांग संपली की परत पहिल्यापासून पाव वळसा. बघता बघता त्या राड्यातून गरगरीत गोळे वर आले. एक थेंब वाया गेला नाही. पोरगा ह्या सगळ्या वेळात शेजाऱ्याशी गप्पा मारत होता.

वरून गडद सॉस, मेयोनेझ, हिरव्या शेवाळाची पूड आणि कात्सुओबुशी. हे शेवटचं म्हणजे बोनिटो मासा. उकडून, धुरी देऊन, वर बुरशी चढवून वाळवलेला. वाळून इतका कठीण होतो की सुरी चालत नाही, सुताराच्या रंध्यावर तासावा लागतो. त्याचे पातळ पापुद्रे गरम गोळ्यांवर पडले की वाफेने वळवळायला लागतात. “अजून जिवंत आहे!” असं म्हणून भावोजी दोन पावलं मागे सरले ते समोरच्या अवाढव्य खेकड्याच्या फलकावर आदळले. तोही पाय हलवत होता.

गोळा बाहेरून निवलेला दिसतो, आत उकळतं पीठ असतं. अनुभवी ओसाकाकर तो अख्खा तोंडात टाकतात आणि मग तोंड उघडं ठेवून हा-हू-हा-हू करत आतल्या आत गार करतात. जिथे शिंक आली तरी माफी मागतात अशा देशात चारचौघांत जबडा वासून उभं राहायला इथेच परवानगी असावी. ताईने पहिला गोळा तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोलली नाही. भावोजी म्हणाले, हा खर्च वसूल झाला.

खर्चाचं म्हणाल तर येनचे साठेक पैसे धरायचे. आठ गोळे सातशे येनना, म्हणजे गोळ्याला पन्नास रुपये. हा हिशेब भावोजी दर घासाला मोठ्याने करत. खाणारे आम्ही, घास त्यांना लागत.

पण माझी खरी पंचाईत निराळीच झाली. आपण रस्त्यावर नुसतं खात नाही, हुकूम सोडतो. “भैया, मीठा कम.” “कांदा वेगळा द्या.” “शेव वरून टाका, अजून, अजून.” आणि शेवटी हक्काची सुकी पुरी. ती मागितली नाही तर पाणीपुरी पूर्ण होत नाही आणि ती नाकारणारा गाडीवाला मुंबईत चार दिवस टिकत नाही. जपानमध्ये हे सगळं बंद. सॉस किती, मेयोनेझ किती, भाजायचं किती, हे त्याने ठरवलेलं असतं आणि बहुधा त्याच्या आजोबांनी ठरवलेलं असतं. ताईने सॉस कमी घालायची खूण केली. पोरगा हसला, कमरेत वाकला आणि नेहमीएवढाच सॉस घातला. आठ म्हणजे आठ. वरचा एक नाही. सातशेचे साडेसहाशे नाहीत. पैसे हातात देखील घेत नाहीत, पुढे तबक असतं त्यात ठेवायचे. भांडायला जागाच ठेवलेली नाही.

गंमत म्हणजे ताकोयाकी जन्माला आली ती गिऱ्हाइकाच्या तोंडामुळेच. ओसाकात एन्दो तोमेकिची नावाचा माणूस असेच गोळे करून विकायचा, पण त्यात गोमांस घालायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने ऐकवलं, अकाशीला म्हणे ऑक्टोपस घालतात. तोमेकिचीने ते मनावर घेतलं आणि 1935 पासून ऑक्टोपस घालायला लागला. म्हणजे एकेकाळी ओसाकाचं गिऱ्हाईकही नाक खुपसत होतं! पुढे कधीतरी गप्प झालं. योगायोग असा की त्याच 1935 साली दोतोनबोरीला ग्लिको कंपनीच्या फलकावरचा तो प्रसिद्ध धावणारा माणूस झळकला. दोन्ही हात वर करून धावतोय. गोळ्या-बिस्किटांच्या कंपनीची जाहिरात, पण धावताना त्याच्या हातात खायला काही नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

ओसाकातच शिनसेकाई भागात कुशिकात्सु मिळतं. मांस, मासे, कांदा, कमळकाकडी, काहीही काडीला टोचून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचं. समोर सगळ्यांना मिळून सॉसचं एकच पातेलं. आणि भिंतीवर चार भाषांत ठणठणीत अक्षरांत नियम: एकदाच बुडवायचं. चावा घेतलेली काडी पुन्हा बुडवली तर मालक अंगावर येतो. जपानमध्ये आवाज चढवलेला मालक मी एवढाच पाहिला आणि त्याच्याविषयी मला एकदम आपुलकी वाटली, कारण त्याचं म्हणणं आमच्या आजीचं होतं. उष्टं! एवढ्या मोठ्या देशात शेवटी एक तरी नियम असा सापडला की जो समजावून सांगावा लागला नाही. सॉस आणखी हवा असेल तर फुकट मिळणाऱ्या कोबीच्या पानाने तो उचलून आपल्या काडीवर घ्यायचा. ही पळवाट आजीलाही मान्य झाली असती. करोनानंतर अनेक दुकानांनी पातेलं काढून सॉसच्या बाटल्या ठेवल्या. सोय झाली, पण ओरडा खायची मजा गेली.

भावोजी ह्या सगळ्यात काय खात होते, हा प्रश्न पुण्याहून रोज फोनवर विचारला जाई. जपानी माणसाच्या लेखी मासा हे काही मांस नव्हे, आणि माशाचा अर्क म्हणजे तर मासाही नव्हे. तो अर्क, म्हणजे दाशी, सूपमध्ये असतो, नूडल्समध्ये असतो, भाजी शिजवायच्या पाण्यात असतो, ताकोयाकीच्या पिठातही असतो. “नो मीट?” “नो मीट.” “नो फिश?” “नो फिश.” एवढं झाल्यावर वाडगा समोर येतो आणि त्याला बंदराचा वास येतो. दुकानदार खोटं बोललेला नसतो. तुकडा एकही नाही, हे तो प्रामाणिकपणे सांगत असतो.

सुटका केली ती रताळ्याने. हिवाळ्यात संध्याकाळी निवासी गल्ल्यांतून एक छोटा टेम्पो भोंग्यावर रेकॉर्ड केलेली लांबलचक आरोळी देत, माणसाच्या चालीने फिरतो. मागे भट्टी, भट्टीत तापलेले गोटे, गोट्यांत अख्खी रताळी. ही याकी-इमो. ह्यात घाई चालत नाही. रताळं मंद आचेवर सावकाश तापलं की त्यातल्या पिष्टाची साखर होत जाते. चांगल्या जातीचं असेल तर सालीच्या चिरेतून मध बाहेर आल्यागत पाक सुटतो. साखर नाही, तूप नाही, अंडं नाही, आणि मुख्य म्हणजे मासा नाही. ज्या संध्याकाळी तो टेम्पो भेटला ती नेमकी एकादशी होती. आयुष्यात कधी बसमागे न धावलेले भावोजी त्या टेम्पोमागे धावले. परत आले ते दोन्ही हातांत वर्तमानपत्री कागदात गुंडाळलेली रताळी घेऊन. दर विचारला नव्हता. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की जपानात शाकाहारी माणसाने रोज एकादशी धरावी, आपोआप निभतं.

त्यांचा दुसरा आधार म्हणजे ताइयाकी. ही चक्क माशाच्या आकाराची. खवले, शेपूट, डोळा, सगळं लोखंडी साच्यात कोरलेलं, आणि पोटात अझुकी ह्या लाल कडधान्याचं गोड पुरण. टोकियोतल्या अझाबु-जुबानमध्ये 1909 पासूनचं एक दुकान आहे, तिथे अजून एकेका माशाचा सुटा साचा विस्तवावर उलटापालटा करत भाजतात. 1975 साली ह्या ताइयाकीवर एक बालगीत आलं. रोज रोज तव्यावर भाजून घ्यायला कंटाळलेली ताइयाकी समुद्रात पळून जाते, अशी त्याची गोष्ट. त्या गाण्याच्या 45 लाखांवर तबकड्या खपल्या. जपानमध्ये आजवर त्याहून जास्त खपलेलं एकल गाणं नाही. भावोजी मासा हातात धरून बराच वेळ बघत राहिले. “शेपटीकडून खाल्लं तर चालेल,” असा तोडगा ताईने सुचवला. जपानात जे मासा दिसतं त्यात मासा नाही, आणि ज्यात दिसत नाही त्यात नक्की आहे. पिठात अंडं असतं, पण ते केकमधल्या अंड्याच्या कलमाखाली मंजूर झालं.

एवढी शिस्त ह्या लोकांना पहिल्यापासून होती असं समजू नका. एदो, म्हणजे जुनं टोकियो, 1657 च्या आगीत जळून बेचिराख झालं. ते पुन्हा बांधायला गावोगावचे सुतार-गवंडी आले. एकटे पुरुष, घर ना चूल. त्यांना पोसायला रस्त्यावर गाड्या आल्या. आज ज्या सुशीसाठी लोक महिनाभर आधी जागा धरतात आणि बिल बघून छातीला हात लावतात, ती हाताने दाबून केलेली सुशी एदोत गाडीवरच उभ्या उभ्या खायची गोष्ट होती. टेम्पुराही तशीच. आगीच्या भीतीने घरात तेलाची कढई नको, म्हणून तळण रस्त्यावर. पिठात बुडवून तळायची ही रीत पोर्तुगीजांनी जपानात नेली असं मानतात, आणि त्या काळी पोर्तुगीजांची वाट गोव्यावरून जात होती. 1549 साली जपानला पोचलेला फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघाला होता. तेव्हा टेम्पुरा बघून ‘ही तर आपली भजी’ असं कुणी मराठी माणूस म्हणाला तर त्याला लगेच हसू नये. थोडं थांबून हसावं.

गिऱ्हाइकाने तोंड उघडावं अशीही एक जागा मला सापडली, आणि ती जपून ठेवण्याजोगी आहे. टोकियोतल्या असाकुसा देवळाजवळ यागेनबोरी नावाचं शिचिमीचं दुकान आहे. घराणं 1625 पासूनचं. शिचिमी म्हणजे सात जिन्नसांचा कोरडा मसाला: मिरची, भाजलेली मिरची, तीळ, खसखस, भांगेचं बी, संत्र्याची वाळलेली साल आणि जिभेला झिणझिण्या आणणारी सान्शो. आपण सांगायचं आणि त्यांनी आपल्यापुढे मिसळून द्यायचं. तिखट जास्त? चालेल. साल कमी? चालेल. मी इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं तिथे बोलून घेतलं. मिरची वाढवा. अजून. अजून थोडी. बाईंनी न कंटाळता चमच्याने वाढवली. भावोजींनी तर जिन्नसांची यादी दोनदा वाचून घेतली आणि त्यात मासा नाही ह्याचा आनंद म्हणून चार पुड्या घेतल्या.

आणि माणसांनीही तोंड उघडलेलं बघायचं असेल तर फुकुओका गाठा. तिथे संध्याकाळ झाली की नाकासुच्या नदीकाठी आणि तेनजिनच्या फुटपाथवर यताई, म्हणजे गाड्या, येऊन लागतात. युद्धानंतरच्या हलाखीत ह्या गाड्या देशभर होत्या. टोकियोतल्या बऱ्याचशा 1964 च्या ऑलिंपिकच्या साफसफाईत गेल्या. फुकुओकात टिकल्या, पण तिथेही मध्यंतरी अशी वेळ आली की परवाना फक्त बायको-नवरा किंवा मुलांच्याच नावावर होईल, बाकी कुणाला नाही, असा नियम झाला आणि संख्या घटत गेली. शेवटी 2013 साली महापालिकेने यताईंसाठी स्वतंत्र कायदा केला आणि पुढे नव्या लोकांकडून अर्जही मागवले. फेरीवाल्यांसाठी महापालिका अर्ज मागवते, हे मी ताईला दोनदा वाचून दाखवलं.

एका गाडीवर आठ-दहा माणसं, मांडीला मांडी. कच्चं काही विकायचं नाही, दर लिहिलेले हवेत, सकाळ व्हायच्या आत गाडी, बाकडी, पडदे सगळं उचलून फुटपाथ मोकळा करायचा. पण एकदा त्या पडद्याच्या आत शिरलात की दिवसभर एक अक्षर न बोललेला कचेरीतला माणूस तुम्हाला कुठले, काय करता, पगार किती असं विचारू लागतो. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी टाय सोडून खिशात कोंबला, स्वतःच्या ताटलीतला मुळ्याचा तुकडा भावोजींना देऊ केला, आणि तो दाशीत शिजलाय हे कळल्यावर दिलगिरी म्हणून बिअर मागवली. जपानमध्ये इतकं चांगलं खाणं रस्त्यावर मिळतं, पण रस्ता मिळतो तो इथेच.

जाणार असाल तर एवढं करा. पावसापाण्याच्या, वाऱ्याच्या दिवशी जाऊ नका, गाड्या लागत नाहीत. रोख पैसे न्या. माणशी एक तरी पदार्थ मागवा, नुसतं बसून फोटो काढू नका, मागे लोक उभे असतात. तिघा-चौघांपेक्षा जास्त जण जाऊ नका, अख्खा टूर ग्रुप गेला तर जपानी माणसाला बसायला जागा उरत नाही आणि मग बोलायचं कुणाशी? आणि कृपा करून तिथे बसून पिशवीतला लक्ष्मीनारायण चिवडा फोडू नका. भावोजींनी फोडला होता. मालकाने काही म्हटलं नाही, पण शेजारच्या गृहस्थांनी तो सगळा संपवला.